डेस्कटॉपचा मॉनिटर, स्लीप आणि लॉक: सेटिंग नेमकी कुठली बदलायची?

कंपोझिंगवाली

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळीच्या आधी अंकांची पानं. विंडोज ११ असलेल्या डेस्कटॉपला दोन मॉनिटर जोडलेत. डावा डिस्प्लेपोर्टच्या केबलने, उजवा एचडीएमआयने. डावीकडे पान लावते, उजवीकडे मूळ मजकूर उघडा असतो.

अडचण अशी. प्रूफ मी कागदावरच वाचते. लाल पेनाने खुणा करत बसलं की दहा-पंधरा मिनिटं माउसला हात लागत नाही. तेवढ्यात पडदे काळे होतात आणि माउस हलवला की पासवर्ड मागतो. पडदे परत उजळले की डाव्या मॉनिटरवर मांडलेल्या खिडक्या उजवीकडे जाऊन बसलेल्या असतात, त्या पुन्हा लावायच्या. आणि रात्री संगणक स्लीपला टाकून घरी गेले तरी सकाळी शटर उघडल्यावर डावा मॉनिटर उजळलेला दिसतो. रोज नाही, पण बऱ्याचदा.

दुरुस्तीला येणाऱ्याने सगळीकडे 'नेव्हर' करून दिलं. त्यामुळे आता पडदे दिवसभर जळत राहतात. तसं मला नकोय. वीज फुकट जाते आणि उन्हाळ्यात त्या खोलीत आधीच उकाडा असतो. पडदे काळे व्हावेत पण पासवर्ड नको, आणि रात्री संगणक खरोखर झोपलेला हवा. कुठून सुरुवात करू?

कळफलक

ताई, तुमच्या वर्णनात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. पडदा बंद होणं, संगणक झोपणं आणि लॉक लागणं. विंडोजमध्ये तिन्हींच्या सेटिंग वेगवेगळ्या जागी आहेत आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. सगळीकडे 'नेव्हर' करणाऱ्याने बहुतेक हे वेगळं करून पाहिलेलं नाही.

आधी पडदा. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर. तिथे स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा वेगवेगळ्या दिसतील. स्क्रीनला दहा मिनिटं द्या, स्लीपला तास-दीड तास. प्रूफ वाचताना पडदे काळे होतील, पण संगणक जागाच राहील आणि माउस हलवताच पान समोर येईल.

आता पासवर्ड. डेस्कटॉपवर नुसता पडदा बंद झाला म्हणून विंडोज पासवर्ड मागत नाही. मागत असेल तर दोन शक्यता जास्त. एक, संगणक खरोखर झोपतोय. पडदे काळे असताना सीपीयूच्या पंख्याचा आवाज येतो का ते ऐका. आवाज बंद आणि समोरचा दिवा मिचमिचतोय, म्हणजे स्लीप. दुसरी शक्यता, कुणीतरी कधीतरी स्क्रीनसेव्हर लावून ठेवलाय. शोधपट्टीत 'स्क्रीन सेव्हर' टाइप करा. येणाऱ्या छोट्या खिडकीत 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' असा चौकोन आहे. त्यात टिक असेल तर पासवर्ड तिथून येतोय. गंमत अशी की स्क्रीनसेव्हर 'नन'वर असला तरी ती टिक राहू शकते, म्हणून दोन्ही पाहा.

स्लीपमधून उठल्यावरही पासवर्ड नको असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे 'नेव्हर' निवडता येतं. पण तुमच्याकडे गिऱ्हाइकांची ये-जा असणार, लोकांच्या पत्त्यांच्या याद्या, आधारच्या प्रती संगणकात असणार. स्लीपनंतरचा पासवर्ड राहू द्या असं मी म्हणेन.

कंपोझिंगवाली

पंख्याचा आवाज चालू होता. स्क्रीनसेव्हर उघडून पाहिला. पंधरा मिनिटांवर 'ब्लँक' लावलेला आणि खाली टिक! काढली. आज दुपारी पूर्ण प्रूफ वाचून झालं तरी पासवर्ड आला नाही. खूप आभार. खिडक्या सरकायचं आणि रात्रीचं मात्र तसंच आहे.

जुना पडदा

स्क्रीनसेव्हरचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आजही कार्यालयांत लोक तो 'वीज वाचवायला' लावतात आणि मला ते फार खटकतं.

काचेच्या नळीचे सीआरटी मॉनिटर होते तेव्हा एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर काचेच्या आतल्या, चित्र उजळवणाऱ्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग उठायचा. चित्र हलतं ठेवलं की डाग टळायचा, एवढंच स्क्रीनसेव्हरचं काम. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, त्यानंतर गावोगावच्या वर्गांत ओळीने मांडलेल्या मॉनिटरांवर स्क्रीनसेव्हरच्या पाइपांची जाळी विणली जात असायची, ती आठवत असेल. त्या वेळी सुद्धा वीज वाचत नव्हती. सतरा इंची सीआरटी ७०-८० वॅट, काही तर त्याहून जास्त खायचे, पाइप चालू असोत की एक्सेल. आजच्या एलसीडीत तर पाठीमागचा दिवा पूर्ण पेटलेला राहतो आणि वर संगणक चित्रं काढत बसतो. काळा स्क्रीनसेव्हर लावला तरी दिवा पेटलेलाच.

वीज वाचवायची सोय वेगळीच आली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वस्तूंवरची खूण, सुरू केलं, त्यात पहिली वस्तू संगणक आणि मॉनिटर होती. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने स्वतःच्या खरेदीत एनर्जी स्टार संगणक बंधनकारक केले, मग कंपन्यांना ऐकावंच लागलं. त्याच १९९३ मध्ये पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने डीपीएमएस ठरवलं, म्हणजे संगणकाने मॉनिटरला झोपायला कसं सांगायचं त्याची पद्धत. तेव्हाच्या मॉनिटरला जाणाऱ्या केबलमध्ये चित्राची ओळ आणि चौकट सांभाळणारे दोन सिंक सिग्नल असायचे, आडवा आणि उभा. दोन्ही चालू म्हणजे काम चालू. आडवा थांबला की स्टँडबाय, उभा थांबला की सस्पेंड, दोन्ही थांबले की ऑफ. वेगळी तार लागली नाही, वेगळा संदेश लागला नाही. जे सिग्नल आधीच जात होते त्यांच्याच असण्या-नसण्यावरून चार अवस्था सांगितल्या. मला आजही ती रचना अतिशय सुंदर वाटते.

स्टँडबायमध्ये नळीचा तापक गरम ठेवायचे म्हणून चित्र झटकन यायचं. ऑफमधून उठायला काही सेकंद लागायचे. एलसीडीला तापवायला काहीच नाही, त्यामुळे त्या मधल्या पायऱ्यांना आता फारसा अर्थ उरलेला नाही. एचडीएमआयवर सिग्नल थांबला की मॉनिटर थोडा वेळ वाट बघतो आणि झोपतो.

कळफलक

फार छान प्रतिसाद, जुना पडदा. वाचनखूण साठवली.

ताई, खिडक्या सरकतात त्याचं कारण डिस्प्लेपोर्ट. या केबलने जोडलेला मॉनिटर गाढ झोपला की पुष्कळदा संगणकाच्या दृष्टीने तो जोडलेलाच राहत नाही, केबल काढल्यासारखं होतं. मग विंडोज त्यावरच्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर नेऊन ठेवतं. एचडीएमआयचा मॉनिटर अनेकदा झोपेतही हजेरी देतो, म्हणून तुमच्या खिडक्या नेहमी डावीकडून उजवीकडेच जातात.

विंडोज ११ मध्ये यावर सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज. तिथे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' यावर टिक हवी. मॉनिटर परत आला की खिडक्या जागेवर जातात. तेवढ्याने भागलं नाही तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत, म्हणजे खालच्या बटणांनी उघडतो त्यात, 'डीप स्लीप' किंवा तशा नावाचं काही आहे का बघा. ते बंद केलं की मॉनिटर हलकी झोप घेतो आणि जोडलेला राहतो. वीज किंचित जास्त जाईल, पण कामाच्या वेळेत ते परवडतं.

रात्रीचं सांगण्याआधी एक माहिती द्या. सकाळी डावा मॉनिटर उजळलेला असतो तेव्हा त्यावर नेमकं काय दिसतं? आणि त्या वेळी पंखा चालू असतो का?

नाममात्र

हा प्रश्न का विचारलात ते जरा उलगडून सांगाल का? आमच्या कार्यालयात पण असंच होतं.

कळफलक

हो. 'मॉनिटर आपोआप उठतो' या एका तक्रारीत तीन निरनिराळे रोग असतात आणि पडद्यावर काय दिसतं त्यावरून ते ओळखू येतात.

पहिला. पंखा फिरतोय पण पडदा काळाच. म्हणजे संगणकाला घड्याळाने किंवा नेटवर्कने उठवलंय. अपडेट आणि देखभालीची कामं यासाठी वेळ लावून ठेवतात. माणसाने न उठवलेला संगणक पडदा सहसा पेटवत नाही आणि काम झालं की थोड्या वेळाने परत झोपतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, त्यात स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' आहे. ते बंद करा. नेटवर्कसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर डबल क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जा. कुणी दुरून संगणक उठवत नसेल तर 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही टिक काढून टाका.

दुसरा. पडद्यावर लॉकचं चित्र किंवा तुमचा डेस्कटॉप पूर्ण दिसतोय. म्हणजे विंडोजला वाटलं की माणूस आला. इथे संशय माउसवर. चकचकीत सनमायका किंवा काचेवर ऑप्टिकल माउस ठेवला की त्याचा सेन्सर चुकतो, हात न लावता बाण एखाद-दोन ठिपके सरकतो. रस्त्याकडेच्या दुकानात ट्रक गेला की टेबल थरथरतं, तेही पुरतं. एका रात्री माउस पालथा ठेवून जा. त्या रात्री शांतता राहिली तर रोग सापडला. माउसखाली पॅड घाला, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसची उठवण्याची परवानगी काढून फक्त कीबोर्डला ठेवा.

तिसरा. संगणक गाढ झोपलेला, पंखा बंद, आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'ची चौकट. हा मॉनिटरचा स्वतःचा उद्योग. 'ऑटो इनपुट' किंवा 'ऑटो सोर्स' चालू असलं की सिग्नल गेल्यावर तो एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए असं एकेक दार वाजवत फिरतो. काही मॉडेलांत या शोधामुळेच संगणकाला 'नवा मॉनिटर जोडला' असा इशारा जातो, संगणक जागा असेल तर सिग्नल पाठवतो, पडदा उजळतो, मग परत वेळ संपते आणि परत शोध. पडदा दर काही मिनिटांनी उघडझाप करतोय अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघायचं. मेनूत इनपुट हाताने ठरवून द्या आणि ऑटो बंद करा.

कुणी उठवलं हे विंडोजला विचारताही येतं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'पॉवर' आणि 'सीएफजी' ही इंग्रजी अक्षरं जोडून लिहा, जागा सोडा, तिरकी रेघ आणि 'लास्टवेक'. शेवटी कशाने जाग आली ते उपकरणाच्या नावासकट येतं. 'लास्टवेक'च्या जागी 'रिक्वेस्ट्स' लिहिलं तर उलट माहिती मिळते, म्हणजे आत्ता झोपू कोण देत नाहीये. बऱ्याचदा तिथे ब्राउझर निघतो, मागच्या टॅबमध्ये व्हिडिओ किंवा भजन चालू राहिलेलं असतं.

कंपोझिंगवाली

आज सकाळी मुद्दाम आधी पंख्याला कान लावला. बंद होता. डाव्या मॉनिटरवर छोटी निळी चौकट, 'नो सिग्नल', आणि ती पडद्यावर सावकाश फिरत होती. म्हणजे तिसरा रोग! मेनूत 'ऑटो' होतं, ते काढून डिस्प्लेपोर्ट ठरवून दिलं. खिडक्यांची टिकसुद्धा लावली, आता त्या आपापल्या जागी परत येतात.

नाममात्र

आमच्याकडे दुसरा. काउंटरवर काचच आहे. माउस पॅड मागवतो.

मीटरवाचक

सगळं ठीक, पण यातून वाचतं किती ते पण बघू. चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण २५ वॅट धरा. दिवसातून तीन तास तो उगाच पेटलेला राहत असेल तर ३०० दिवसांचे २२.५ युनिट. दोन मॉनिटरचे ४५. आपल्या महावितरणच्या बिलावर तुमचा स्लॅब १०१ ते ३०० चा आहे की त्याच्या वरचा, त्याप्रमाणे दर लावून गुणून पाहा.

आता संगणक. नुसता जागा असलेला डेस्कटॉप ५० वॅट धरला आणि रात्रीचे बारा तास चालू राहिला तर वर्षाचे २१९ युनिट! मॉनिटरपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मी लोकांना सांगतो की मॉनिटरचं बटण दाबून घरी जाऊ नका, संगणक झोपवा. तो झोपला की मॉनिटर आपोआप झोपतो. उलट होत नाही.

आणि मॉनिटर चालू असतानाची बचत कुणी बघतच नाही. एलसीडीत बहुतेक वीज पाठीमागच्या दिव्याला लागते. दुकानातून आला तेव्हा ब्राइटनेस १००वर असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो निम्म्यावर आणा, वीजही उतरते आणि डोळेही दुखत नाहीत. डार्क मोडने मात्र एलसीडीवर काही वाचत नाही.

राइनकाठ

झोपलेल्या मॉनिटरची काळजी फार करू नका. इथे युरोपात साध्या स्टँडबायला २०१०पासून एक वॅटची आणि २०१३पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. बरीचशी मॉडेलं जगभर तीच विकली जातात, त्यामुळे भारतातल्या नव्या मॉनिटरच्या माहितीपत्रकातही ०.५ वॅट किंवा त्याहून कमी असा आकडा सापडतो. अर्धा वॅट वर्षभर म्हणजे साडेचार युनिटच्या आत.

खारा वारा

वीज कमी जाते म्हणून प्लग लावून ठेवा असा अर्थ कोकणात तरी कुणी घेऊ नये. आम्ही रत्नागिरीकडचे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा झोपलेला मॉनिटर आणि झोपलेला संगणक दोन्ही मेन लाइनला जोडलेलेच असतात. स्विच बंद करूनही भागत नाही, प्लगच उपसायचा. आणि राउटरकडून येणारी नेटवर्कची तारसुद्धा काढायची. मॉनिटर वाचला पण त्या तारेने मदरबोर्ड गेला, अशी उदाहरणं आमच्या आळीत आहेत.

दुसरं, लाइट जाण्याचं. संगणक स्लीपमध्ये असताना वीज गेली तर रॅममधलं काम जातं ना? आमच्याकडे तर पावसाळ्यात रोजचं आहे.

कळफलक

साध्या स्लीपमध्ये जातं. त्यासाठीच डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' असते. झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहून ठेवलं जातं. वीज राहिली तर झटकन उठतो, गेली तर डिस्कवरून उठतो, वेळ लागतो पण काम शाबूत. अॅडव्हान्स्ड पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली 'अलाउ हायब्रिड स्लीप' चालू आहे ना ते बघा. तिथे तो पर्याय दिसतच नसेल तर रात्री स्लीपऐवजी हायबरनेट वापरा, त्यात सगळं डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद होतो.

यूपीएस यूएसबीने संगणकाला जोडला असेल तर अजून एक गोष्ट, जी सहज नजरेतून सुटते. विंडोज मग डेस्कटॉपला बॅटरीवाला संगणक समजतं आणि पडद्याच्या दोन वेळा दाखवतं, एक लाइट असतानाची, एक बॅटरीवरची. बॅटरीवरची वेळ एक-दोन मिनिटं करा. लाइट गेली आणि तुम्ही जागेवर नसलात तर पडदे लगेच बंद होतात. दोन मॉनिटर म्हणजे ५० वॅट, लहान यूपीएसला ते मोठं ओझं आहे.

शाळेतला संगणक

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) आहे, त्यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितो. सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर 'स्क्रीन ब्लँक' आहे, तिथे पाच मिनिटं. लॉक वेगळ्या पानावर, प्रायव्हसीमध्ये 'स्क्रीन लॉक'. मुलांच्या लॅबमध्ये 'ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक' बंद ठेवलं तर बरं, नाहीतर तास सुरू झाला की निम्मी मुलं पासवर्ड विचारत उभी राहतात.

जुन्या लेखांत 'एक्ससेट' या कमांडने डीपीएमएसच्या तीन वेळा सेकंदांत द्यायला सांगितलेलं असतं. ते एक्स११ साठी, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेसाठी. २१.०४ या आवृत्तीपासून उबुंटू बहुतेक संगणकांवर वेलँड या नव्या यंत्रणेवर चालतं आणि तिथे ती कमांड पडद्याला झोपवत नाही. मुलांना हे सगळं दाखवलं तेव्हा त्यांनीच मॉनिटरच्या दिव्याचा रंग बघून कुठला झोपलाय, कुठला नाही याची यादी केली. पांढरा म्हणजे जागा, नारिंगी म्हणजे झोपलेला, काहींचा मिचमिचणारा. आता लॅब बंद करताना ओळीतून फिरून तीच तपासतात.

मिणमिणता दिवा

सारखं बंद-चालू झाल्याने मॉनिटरचं आयुष्य कमी होतं का? आमचे एक साहेब याच कारणाने बंद करू देत नाहीत.

जुना पडदा

साहेबांची भीती जुन्या काळातली आहे. एलसीडीत पूर्वी पाठीमागे बारीक ट्यूब असायच्या, त्यांना दर वेळी पेटताना थोडा ताण पडायचा. आताच्या एलईडीला त्याचं काही नाही. एलईडी किती तास पेटला त्यावर त्याचं आयुष्य जातं, त्यामुळे बंद ठेवलात तर आयुष्य वाढतंच. दहा मिनिटांची वेळ ठेवा, म्हणजे दर वाक्यागणिक उघडझाप होणार नाही.

नाममात्र

आणि ओएलईडी? मुलाने नवा मॉनिटर घेतलाय, तो रात्री मेन स्विचच बंद करतो.

जुना पडदा

ओएलईडीत पाठीमागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. तिथे डाग पडण्याचा जुना धोका परत आलाय, त्यामुळे तिथे पडदा काळा करण्याची वेळ लहानच हवी, पाच मिनिटं किंवा त्याहून कमी. त्यात काळा ठिपका म्हणजे खरोखर बंद ठिपका, म्हणून डार्क मोडचाही उपयोग होतो. पण काही तास वापर झाला की हे मॉनिटर स्टँडबायमध्ये गेल्यावर स्वतःचे ठिपके तपासून सारखे करून घेतात, त्याला 'पिक्सेल रिफ्रेश' किंवा तसंच काही नाव असतं. लगेच मेन स्विच बंद केला तर ते काम अर्धवट राहतं. मुलाला सांगा, मॉनिटर आधी झोपू दे, दिवा काय दाखवतो ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेव, आणि ते काम संपल्यावरच स्विच बंद कर.